पातेलेभर काढा आणि घरातली सात माणसे



'औषधावाचून खोकला गेला' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. अनायासे काम झाले की आपण ती वापरतो. पण ही म्हण अक्षरशः घेतली तरी खरीच आहे. साधे पडसे विषाणूंमुळे होते आणि आठवडा-दहा दिवसांत आपले आपण जाते. खोकला त्यामागून थोडे दिवस रेंगाळतो आणि तोही जातो. पडसे मुळापासून तोडील असे औषध ना डॉक्टरांच्या पेटीत आहे, ना वैद्यांच्या बरणीत.

मग काढा कशासाठी करायचा? घशाला ऊब मिळावी, कफ सुटावा, नाक थोडे मोकळे व्हावे, रात्री झोप लागावी, एवढ्यासाठी. पौषातल्या थंडीत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देऊन आलेल्या माणसाला कपभर गरम काढा किती बरा वाटतो, हे आपल्याला सांगायला नको. हे सुख मोलाचे आहे. मात्र त्या सुखापायी कुणाच्या पोटातल्या गर्भाला किंवा तान्ह्या लेकराला अपाय होता कामा नये. पडसे आठ दिवसांत जाईल; झालेला अपाय जाईलच असे नाही.

आपल्या नांदेड-लातूरकडे बहुतेक घरांत एक रीत आहे. घरात दोघे-तिघे शिंकायला लागले की चुलीवर मोठे पातेले चढते. अडुळसा, तुळस, गवती चहा, सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, गूळ, जे हाताशी असेल ते त्यात पडते आणि तोच काढा घरातल्या सगळ्यांना वाटला जातो. "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय?" असे म्हणून आजीबाई वाटी पुढे करतात. त्यांची माया खरी असते. पण झाडपाल्याचे आहे म्हणून त्याने काही होत नाही, हे म्हणणे खरे नाही. ज्याने काहीच होत नाही त्याने गुणही येत नाही. अडुळशाने कफ सुटतो, कारण त्याच्या पानात औषधी द्रव्य आहे. ते द्रव्य अंगात गेले की कफाशिवाय दुसरीकडेही काम करते. म्हणून काढा एका पातेल्यातला असला, तरी पिणारी माणसे निरनिराळी आहेत हे ध्यानात ठेवावे. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे. आता ते उलगडून पाहू.

अडुळशाची ओळख

बांधावर, विहिरीच्या कडेला, परसाच्या कुंपणाला अडुळसा लावलेला असतो. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तो बरा. त्याचे शास्त्रीय नाव अधाटोडा, आणि हा शब्द 'शेळी शिवत नाही' अशा अर्थाच्या तमिळ शब्दावरून आला असे सांगतात. पाने लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, देठावर समोरासमोर जोडीने येणारी. फुले पांढरी, ओठासारखी उघडलेली, आत जांभळट रेघा. पान चुरडले की उग्र वास येतो आणि चव कडू.

या पानात वासिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धर्तीवर पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध रसायनशाळेत तयार झाले. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव छापलेले दिसते. म्हणजे आपल्या बांधावरचे झुडूप नुसते पाला नव्हे, ते खरेखुरे औषध आहे. म्हणूनच त्याला माप हवे.

पाला तोडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, झाड नक्की तेच आहे ना? बांधावर, उकिरड्यावर धोतराही उगवतो आणि परसात कण्हेर असते. कण्हेरीचे पान लांबट असते खरे, पण तोडले की चीक निघतो. पिवळ्या कण्हेरीचा तर दुधासारखा पांढरा. हे विष थेट हृदयावर जाते. धोतऱ्याचे पान रुंद, फूल कर्ण्यासारखे, फळ काटेरी. त्याने माणसाला भ्रम होतो, जीवही जातो. पान तोडल्यावर चीक आला, किंवा ओळखीबद्दल जराही शंका आली, तर ते पान पातेल्यात टाकू नये. पाला आणायला लेकरांना पाठवू नये.

दुसरी गोष्ट फवारणीची. पूर्वी बांध स्वच्छ होता. आता सोयाबीन, तूर, कापसावर औषध मारतात आणि बांधावर तणनाशक फिरते. वाऱ्याने त्याचा तुषार शेजारच्या झाडोऱ्यावर बसतोच. हे विष पाण्याने धुऊन जाईल किंवा उकळून मरेल असे समजू नये. औषधाला लागणारा पाला घराजवळच्या, फवारणीपासून लांबच्या झाडाचाच घ्यावा. शेजाऱ्याच्या बांधावरचा पाला त्याला विचारल्याखेरीज तोडू नये. त्याने काल काय मारले ते त्यालाच ठाऊक.

तिसरी गोष्ट भांड्याची. काढा उकळायला स्टीलचे पातेले चांगले. काढा किंवा रस भरून ठेवायला कीटकनाशकाची बाटली, ती कितीही धुतलेली असो, चुकूनही वापरू नये.

माप कसे धरावे

अडुळशाचे हिरवे पान नुसते वाटून पिळले तर रस फारसा निघत नाही. म्हणून वैद्य लोक पानांचा गोळा करून, त्यावर पानांचे वेष्टण आणि वरून माती लिंपून विस्तवात भाजतात व मग रस पिळतात. याला पुटपाक म्हणतात. घरी पाने वाफवून पिळली तरी चालते. धडधाकट मोठ्या माणसाला हा रस एका वेळी चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, तेवढ्याच मधातून, दिवसातून दोनदा पुरे. तीन दिवस घ्यावा, फार तर पाच. जास्त घेतला तर मळमळते, उलट्या-जुलाब होतात. घरातले चमचे लहान-मोठे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण धुऊन जपून ठेवावे आणि त्यानेच मोजावे.

मसाल्याच्या काढ्यालाही माप आहे. २०२० साली करोनाच्या साथीत केंद्राच्या आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला, त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक भाग होती. या मिश्रणाची तीन ग्रॅम भुकटी दीडशे मिलिलिटर गरम पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावी, असे स्पष्ट लिहिले होते. लोकांनी मात्र मिरी-सुंठ मुठीने टाकली आणि दिवसातून पाच-सहा वेळा काढा प्याला. मग कुणाच्या पोटात आग पडली, कुणाला तोंड आले, कुणाची मूळव्याध उसळली. अति तेथे माती म्हणतात ते असे. काढा रोजचा ताजा करावा. कालचा उरलेला पुन्हा उकळून पिऊ नये.

आता घरातली सात माणसे

एक घर डोळ्यांसमोर आणा. त्यात आबा आहेत, आजी आहेत, कर्ता पुरुष आहे, थोरली सून पोटुशी आहे, धाकटी सून बाळंतीण आहे, तिचे तान्हे आहे आणि एक शाळकरी पोर आहे. पातेले एक, पण वाढायचे कसे?

थोरल्या सूनबाईंपासून सुरुवात करू, कारण जिथे दोन जीव आहेत तिथे जपणूकही दुप्पट हवी. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. रस नको, काढा नको, अडुळशाचे तयार सिरपही नको. अडुळशातले वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० ते १९८० च्या सुमारास यावर बरेच काम झाले, आणि कळा आणणारे, गर्भपात घडवणारे द्रव्य म्हणूनच तेव्हा त्याचा अभ्यास झाला. पडसे घालवायला दिलेला रस गर्भावर बेतू नये, म्हणून सासूबाईंनी ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मग सूनबाईंनी करायचे काय? कोमट पाणी वरचेवर प्यावे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, स्वयंपाकात घालतो तेवढे आले चहात चालेल, हळद-दूध चालेल, आणि विसावा घ्यावा. ताप आला, धाप लागली, बाळाची हालचाल मंदावली असे वाटले तर घरी थांबू नये. गोळीसुद्धा आशाताई, नर्सताई किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

धाकट्या सूनबाई अंगावर पाजतात. त्यांनीही अडुळसा आणि कडक काढे वैद्य किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. पडसे झाले म्हणून पाजणे मात्र बंद करू नये. आईच्या दुधातून लेकराला पडशाशी लढायचे बळच मिळते. तोंडाला पदर बांधावा, हात धुवावेत आणि पाजावे.

आता तान्हे. याला काढ्याचा थेंबही नको. पहिले सहा महिने आईचे दूध हेच अन्न, हेच पाणी आणि पडशातले मोठे औषधही तेच. वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नये. ही रीत जुनी आहे, पण मधात एका जंतूची बीजे असू शकतात. आपल्या पोटात ती वाढत नाहीत. तान्ह्याच्या कोवळ्या आतड्यात वाढतात, त्यांचे विष तयार होते आणि लेकरू लुळे पडते, त्याचा श्वासही अडतो. मध गावरान असो की दुकानातला, उकळलेला असो की कच्चा, वर्षभर नकोच.

नाक चोंदले म्हणून तान्ह्याच्या नाकात तेल सोडू नये. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि त्याचा न्यूमोनिया होतो. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे थेंब थोडक्या पैशांत मिळतात, ते दूध पाजण्याआधी नाकात एक-एक थेंब घालावेत. कापूर तेलात विरघळवून लेकराच्या छातीला चोळणे, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणे, हेही टाळावे. कापूर पोटात गेला तर लहान लेकराला झटके येतात. निलगिरीच्या तेलाचेही तसेच. चमचाभर गिळले तरी लेकरू बेशुद्ध पडू शकते. या दोन्ही वस्तू उंच फळीवर ठेवाव्यात. बाळगुटीतले वेखंड-जायफळ पडशासाठी वाढवून उगाळणे आणि ब्रँडीचे थेंब पाजणे, हे तर मुळीच करू नये. गुंगीत गेलेले लेकरू शांत झोपले आहे असे आपल्याला वाटते, पण ते झोपलेले नसते.

शाळकरी पोराला वर्षाची अट नाही. झोपताना एक चमचा मध, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, तुळशीची चार-दोन पाने घातलेला फिका चहा, एवढ्याने त्याचा खोकला बराच निवतो. मध खोकल्याला आराम देतो हे डॉक्टरही मान्य करतात. अडुळशाचा रस द्यायचा तर लेकराचे वजन पाहून माप वैद्याने सांगावे. वाफाऱ्याची फार काळजी घ्यावी. उकळते पातेले, वर गोधडी आणि आत चुळबुळणारे पोर यातून अंग भाजण्याचे प्रकार दर हिवाळ्यात होतात. वाफ घ्यायची तर मोठ्यांनी, पातेले चुलीवरून खाली उतरवून आणि बेतशीर अंतर ठेवून घ्यावी. लेकरांना ती देऊ नये.

आबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांच्या वाटीत ज्येष्ठमध नको. ज्येष्ठमध घशाला गोड लागते, पण ते रोज घेतले की अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. लघवी वाढवणारी किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्यांना त्याने ठोके बिघडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आले, लसूण, हळद भाजीपुरती ठीक. त्यांचे काढे आणि चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ऑपरेशन ठरले असेल तर घरी काय काय घेतो ते सगळे डॉक्टरांना सांगावे. सांगायला लाजू नये.

आजींना साखर आहे. त्यांच्या काढ्यात गूळ नको हे सगळ्यांना कळते. पण सितोपलादि चूर्णाचे काय? या चूर्णाचे जुने प्रमाण असे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक. म्हणजे अर्ध्याहून अधिक साखरच. चूर्ण चांगले आहे, पण मधुमेह्याने ते मधात कालवून दिवसातून चार वेळा चाटायचे नव्हे.

राहिला कर्ता पुरुष. तो धडधाकट आहे, त्याला मापात काढा द्यायला हरकत नाही. पण त्याचे नाक-घसा पडशानेच धरले आहे का, हे आधी पाहावे. सोयाबीनची किंवा तुरीची मळणी करून आला असेल तर तो धुळीचा खोकला असेल. त्यावर काढ्यापेक्षा तोंडा-नाकाला बांधलेला पंचा उपयोगी. आणि फवारणी करून आला असेल तर अधिकच सावध व्हावे. नाक गळते, डोळ्यांतून पाणी येते, तोंडाला लाळ सुटते, छाती भरून येते, घाम फुटतो, ही पडशाची नव्हे तर कीटकनाशक अंगात भिनल्याची लक्षणे असू शकतात. आपल्या माहूर-किनवटला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. अशा माणसाला काढा पाजत बसू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

गुळवेल रोजची नव्हे

करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी सुरू झाले आणि काही घरांत ते महिनोन्‌महिने चालू राहिले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला सूज येऊन सहा रुग्ण आले, आणि सहाही जण गुळवेल घेत होते. तिथल्या डॉक्टरांनी ही हकीकत २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. नंतर देशभरातल्या डॉक्टरांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद केली. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपण त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वेल नक्की कोणती ते कळल्याशिवाय घेऊ नये, आणि घेतली तरी वैद्याच्या सांगण्यावरून, ठरावीक दिवसच. ज्यांना आधीच यकृताचा, थायरॉइडचा किंवा संधिवातासारखा आजार आहे त्यांनी स्वतःच्या मनाने घेऊच नये. काढा चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली तर काढा त्याच दिवशी बंद करावा आणि तपासून घ्यावे.

बाजारातली पुडी आणि बाटली

आठवडी बाजारात "दम्याची, खोकल्याची एकच पुडी" म्हणून भुकटी विकतात. एका दिवसात गुण आला तर हुरळून जाऊ नये, शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेक तपासण्यांत आढळले आहे. त्याने आज बरे वाटते, पण पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि तोंडावर सूज येते. पुडीवर नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख नाही, तर ते औषध नव्हे.

तयार आयुर्वेदिक औषधेही नावे वाचून घ्यावीत. दम-खोकल्यावरच्या कनकासवात 'कनक' म्हणजे धोतरा असतो. तो जाणकाराच्या हाती औषध आहे, मापाबाहेर गेला की विष. आसवे आणि अरिष्टे आंबवून करतात, त्यांत थोडे मद्य तयार होतेच. ती गरोदर बाईला आणि लेकरांना मनाने देऊ नयेत.

म्हणून इंग्रजी औषधाची गोड बाटली बिनधोक, असेही समजू नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल, २०२५ साली 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या सिरपात सापडले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली वीसहून अधिक लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. कित्येकांना उपचाराला आपल्या नागपुरात आणले होते. साधे पडसे-खोकला होता, जो आपोआप गेला असता. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. जुन्या बाटलीत उरलेले, शेजारणीने दिलेले, थोरल्या पोराचे धाकट्याला, असे सिरप कधीही पाजू नये.

काढा कधी बाजूला ठेवावा

लेकराचा श्वास मोजायला शिका. लेकरू शांत असताना पोटाची वर-खाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजावी. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षाच्या लेकराचे ५० किंवा अधिक, वर्ष ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा अधिक भरले, तर ते पडसे नव्हे, न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, लेकरू पीत नाही, निपचित पडते, झटके येतात, ओठ निळे पडतात, यातले एकही दिसले तर रात्र असो की पाऊस, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराला नुसता ताप आला तरी दवाखान्यात न्यावे.

मोठ्या माणसांत दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेला खोकला, बेडक्यातून रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन ही क्षयाची चिन्हे असू शकतात. अडुळशाने खोकला थोडा दबतो आणि माणूस समजतो की बरे वाटतेय. तेवढ्यात रोग वाढतो आणि घरातल्या लेकरांना लागतो. बेडक्याची तपासणी आणि सगळे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला आहारासाठी पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम महिन्याला एक हजार रुपये झाली आहे. लाज धरण्याचे कारण नाही, क्षय बरा होतो.

वनौषधीबद्दलच काही विचारायचे असेल तर ऐकीव माहितीवर विसंबू नये. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, लातुरातही आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तालुक्याला जाता-येता पाल्याची एक फांदी बरोबर न्यावी, दाखवावी, ओळख पटवून घ्यावी आणि माप कागदावर लिहून आणावे.

आजीबाईंचा बटवा फेकून द्या, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. त्यात पिढ्यांची समजूत आहे. जुन्या जाणत्या सुईणी आणि वैद्य कुणाला काय द्यायचे हे पाहूनच देत. आपण बटवा ठेवला, पण ते पाहणे सोडले. तेव्हा यंदा पातेले चढवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: कुणाला देतोय? किती देतोय? किती दिवस देणार? तिन्हींची उत्तरे ठाऊक असली तर खुशाल द्या. एकाचेही उत्तर ठाऊक नसेल तर त्या वाटीत नुसते कोमट पाणी ओता.

आणि एक काम येत्या पावसाळ्यासाठी. अडुळशाची हातभर लांबीची, पेन्सिलीपेक्षा जाड फांदी घराच्या मागे, फवारणीच्या रानापासून लांब, मोरीच्या पाण्याजवळ खोचून द्या. ती सहज लागते. ओळखीचे, बिनविषारी झाड दारात असले की बांधावर पाला शोधत फिरायला नको.